बानूबाईची कूस

लग्न होऊन सुकन्या निरवांगीला आली तेव्हा तिच्या बॅगेत साड्यांच्या घडीत एक बायबल होतं आणि येशूचं चित्र असलेलं एक कॅलेंडर. सिद्धूला हे माहीत होतं. ती बारामतीत कापडाच्या दुकानात कामाला असताना दोघांची ओळख झाली, आणि आपण आईबरोबर दर रविवारी प्रार्थनेला जातो हे तिनं त्याला सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. सिद्धूच्या आईला, बानूबाईला, मात्र ते कळलं कॅलेंडर भिंतीवर लागल्यावर.

बानूबाईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. नवरा महिपती होता तोवर घोड्यावर संसार लादून रानोमाळ हिंडायचं, दिस मावळेल तिथं तळ टाकायचा. महिपती गेला, कळप विकला. थोडं रान होतं त्यात ऊस लावला. सिद्धू डेअरीच्या गाडीवर ड्रायव्हर झाला. आता दारात शेळ्या तेवढ्या राहिल्या होत्या.

कॅलेंडरवरच्या येशूनं एक कोकरू छातीशी धरलं होतं. बानूबाईनं जवळ जाऊन ते बराच वेळ न्याहाळलं.

"कोन ह्यो?"

"येशू. माझा देव, आत्या. त्याला मेंढपाळ म्हणतात."

"मेंढपाळ? येवढी पांढरी कापडं घालून?" बानूबाईनं बोट चित्रावर टेकवलं. "आन कोकरू असं धरत्यात व्हय? पाय मोकळं सोडल्यात. लाथ मारून पळंल की."

हसावं की गप्प बसावं हे सुकन्याला कळेना. पण चित्र काढ असं काही सासू म्हणाली नाही. देव्हाऱ्यात बिरोबाचा टाक राहिला, भिंतीवर कॅलेंडर राहिलं. रविवारी सुकन्या बारामतीला निघाली की बानूबाई कुरकुरायची, "आमच्या बिरोबाला न्हाय सुट्टी लागत आन ह्यांच्या देवाला दर आयतवारी पायजे." त्यापलीकडं दोघी एकमेकींच्या देवाविषयी बोलत नसत.

मुलगी प्रतिक्षा बालवाडीत जायला लागली त्या वर्षी सुकन्याचे पाय सुजायला लागले. आधी तिनं मनावर घेतलं नाही. मग चेहरा सुजला, अन्न नकोसं झालं, जिना चढताना दम लागायला लागला. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सिद्धूला आत बोलावून सांगितलं, दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. रक्तदाब कधीपासून वाढलेला होता कुणास ठाऊक.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा निरवांगीहून लासुर्ण्याला, तिथून बारामतीला, चार तास मशीनला बांधून घ्यायचं आणि पिळून काढलेल्या कपड्यासारखं होऊन परत यायचं. सुया टोचून टोचून हाताची शीर दोरखंडासारखी फुगली. पण सुयांची तिला सवय झाली. सवय झाली नाही ती तहानेची.

लघवी जवळजवळ होतच नव्हती, त्यामुळं पाणी प्यायलेलं अंगातच राहायचं, फुफ्फुसात उतरायचं. म्हणून दिवसाला एक छोटी बाटली, तीही गोळ्यांसकट. चैत्र लागला. निरवांगीच्या उन्हात उसाला दारं धरलेली, पाटातून पाणी खळखळत चाललेलं, आणि सुकन्या ओसरीवर जीभ टाळूला चिकटवून बसलेली. रात्री स्वप्नात ती विहिरीत उतरून पाणी प्यायची आणि जागी झाली की ओठ तडकलेले असायचे.

ती प्रार्थना करत होती. मंडळीतले, म्हणजे बारामतीच्या चर्चमधले, लोकही करत होते. एकदा बाहेरगावचे एक उपदेशक आले, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि जाताना म्हणाले, "बाई, विश्वास कमी पडतोय. संशय असला की चमत्कार अडतो." मंडळीच्या पाळकांना ते आवडलं नाही, त्यांनी तसं नंतर सांगितलंही. पण तोवर ते वाक्य सुकन्याच्या आत जाऊन बसलं होतं. मशीनवर पडल्या पडल्या ती छताकडं बघायची आणि मनात म्हणायची, कुठं आहेस तू? आंधळ्याला डोळे दिलेस, मेलेल्याला उठवलंस. माझ्याकडं बघायला तुला वेळ नाही का?

उत्तम शुक्रवारी नेमका डायलिसिसचा दिवस आला. सिद्धूची गाडी लांब गेलेली, म्हणून त्या दिवशी बानूबाई बरोबर आली. मशीनवरून सुटल्यावर सुकन्या म्हणाली, "आत्या, आज आमच्या येशूला क्रूसावर दिलं तो दिवस. उपासना चालू असेल. जरा जाऊन बसू?"

बानूबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं. "उभं ऱ्हावंना तुला. बरं, चल. पर मी भाईर बसती."

उपासना मंदिराच्या दाराशी एक कडुलिंब होता. बानूबाई त्याच्या सावलीत पारावर टेकली. सुकन्या आत मागच्या बाकावर बसली. पंखे गरम हवा फिरवत होते. पाळक येशूची क्रूसावरची शेवटची सात वचनं एकेक करून वाचत होते आणि त्यावर बोलत होते. तिचं लक्ष नव्हतं. ही वचनं ती लहानपणापासून दर वर्षी ऐकत आली होती. पाळकांनी पाचवं वाचलं.

"मला तहान लागली आहे."

सुकन्यानं मान वर केली.

हे वाक्य आजवर तिच्या कानावरून किती वेळा गेलं असेल. आज ते तिच्या सुकलेल्या घशाला लागलं. ज्यानं समुद्राला गप्प बस म्हटलं, ज्यानं पाण्याचा द्राक्षारस केला, तो दुपारच्या उन्हात, तडकलेल्या ओठांनी, बघणाऱ्यांकडं पाणी मागत होता. जीभ टाळूला चिकटली की शब्द कसा फुटतो हे त्या मंदिरात बसलेल्या कुणाहीपेक्षा तिला जास्त माहीत होतं. आणि त्यालाही माहीत होतं. तो वरून बघत नव्हता. तिच्या तहानेच्या आत तो आधीच येऊन बसला होता. ती त्याला शोधत छताकडं बघत होती तेव्हाही तो इथंच होता, ह्या कोरड्या घशात.

तिनं पुढचा बाक घट्ट धरला. बाकीची वचनं कधी संपली ते तिला कळलं नाही.

बाहेर आली तर स्वरूपाताई, पाळकांची बायको, हातात पाण्याचा तांब्या घेऊन पारापाशी उभी होती. ती सुकन्याला म्हणाली, "अगं, तुझ्या सासूबाई ऐकेनात. केव्हाची म्हणतेय, ऊन आहे, दोन घोट घ्या. म्हणतात, आमच्या पोरीला चालत नाही, ती असली की मी पीत नाही."

सुकन्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आत्या?"

"काय न्हाय गं. चल, गाडी जाईल."

"कधीपासून?"

बानूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तुझ्याम्होरं घटाघटा पाणी प्यायाचं म्हंजी... मला गिळत न्हाय. गोठ्याकडं गेली की पिती. चल आता."

वर्ष होत आलं होतं. एका घरात राहून सुकन्याच्या हे लक्षात आलं नव्हतं. एसटीत ती खिडकीपाशी बसली आणि शेजारी मान टाकून पेंगणाऱ्या त्या रापलेल्या, सुरकुतलेल्या बाईकडं बघत राहिली. थोड्या वेळापूर्वी आत जो भेटला होता, तोच बाहेर पारावर तहानलेला बसला होता की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं. विचार एवढा मोठा होता की तिनं तो पुढं नेला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी डॉक्टरांनी दोघा नवराबायकोला बसवून सांगितलं, किती दिवस मशीनवर काढणार, किडनी बदलता आली तर बघा. सिद्धू लगेच तयार झाला, पण त्याचा रक्तगट जमेना. सुकन्याच्या आईला साखरेचा आजार. भाऊ आधी हो म्हणाला, मग त्याचा फोन लागेनासा झाला. सुकन्यानं त्याला दोष दिला नाही. घरात दोन लहान लेकरं होती त्याच्या.

त्या संध्याकाळी सिद्धू आईला हे सगळं सांगत होता. बानूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "माझी चालंल का?"

"काय?"

"किडनी. माझी बसंल का तिला?"

आतून सुकन्या धावत आली. "नाही आत्या. मला नकोय. तुमचं वय झालंय."

"तुला कुनी इचारलंय?" बानूबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "डागदराला इचार रं सिद्धू. न्हाय म्हनला तर न्हाय."

डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. रक्त जुळत होतं. साठीला टेकलेल्या त्या बाईचं काळीज, फुफ्फुसं, सगळं तपासून झालं आणि कशातच खोट निघाली नाही.

गावात बोलबाला झाला. महिपतीचा चुलतभाऊ, सगळे त्याला तात्या म्हणायचे, मुद्दाम घरी आला. "वहिनी, ल्योक असता तर गोष्ट येगळी. सून म्हंजी परक्याची लेक. सिद्ध्याला दुसरी करता यील. तुला दुसरी किडनी यील का?"

सुकन्या दाराआड उभी होती.

"तात्या," बानूबाई म्हणाली, "च्या प्या आन जावा."

सासूनं सुनेला किडनी द्यायची तर कायद्यानं समितीपुढं उभं राहावं लागतं. कुणी बळजबरी करत नाही ना, देवाणघेवाण नाही ना, हे त्यांना बघायचं असतं. पुण्यात एका मोठ्या टेबलामागं ती मंडळी बसली होती. समोर बानूबाई, तिच्या एका बाजूला सिद्धू, दुसऱ्या बाजूला सुकन्या. अध्यक्ष डॉक्टरबाई मऊ आवाजात बोलत होत्या. त्यांनी धोके समजावून सांगितले, मग विचारलं, "आजी, मुलगा म्हणाला म्हणून तुम्ही हे करताय का?"

"न्हाय."

"मग का करताय?"

बानूबाईनं लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळला. सिद्धूला वाटलं, आई घाबरली. मग ती खाली बघूनच बोलायला लागली.

"ह्यो सिद्धू तवा दोन म्हैन्याचा. आमी मेंढरं घिऊन घाटाकडं निघालेलो. वाटंत मला ताप भरला, अंगावरचं दूध आटलं. शेळीचं पाजलं, ते ह्याला पचंना. पोरगं रडून रडून गप पडलं. मालक म्हनलं, आता काय ऱ्हात न्हाय. रस्त्याकडंच्या रानात एक बाई खुरपत हुती. तिनं बघितलं. खुरपं टाकून आली. काय बोलली न्हाय. पोराला घेतलं आन पदराखाली लावलं."

टेबलामागच्या एकानं लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"तिचं सोताचं लेकरू झाडाला झोळीत. त्याच्या वाटंचं तिनं ह्याला दिलं. आमी तितं तळ टाकून हुतो तवर येऊन पाजलं. नाव इचारलं न्हाय, जात इचारली न्हाय. जाताना मी पाया पडाय गेली तर म्हनली, माझं काय गेलं गं?" बानूबाईनं मान वर केली. "ती कोन, कुठली, मला ठावं न्हाय. तिच्या अंगातलं तिनं दिलं, म्हनून माझा ल्योक हाय. आता माझ्या अंगातलं लागतंय, तर मी न्हाय कसं म्हनू, बाई?"

सिद्धू आईकडं बघत होता. ही गोष्ट त्याला कुणी कधी सांगितली नव्हती. त्याचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला, जणू तिथं कुठंतरी त्या अनोळखी बाईचं दूध अजून असावं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आम्हाला आणखी काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या.

शस्त्रक्रियेच्या सकाळी दोघींना शेजारी शेजारी स्ट्रेचरवर नेलं. दारापाशी वाटा फुटत होत्या, आधी बानूबाई आत गेली. जाताना तिनं मागं वळून एवढंच म्हटलं, "भिऊ नको. मी म्होरं हाय."

शुद्ध आली तेव्हा सुकन्याच्या घशात नळीचा खरखरीतपणा होता आणि पोटात आग. नर्सनं खाली वाकून पलंगाला टांगलेली पिशवी वर धरून दाखवली. "बघा ताई. ऑपरेशनच्या टेबलावरच लघवी सुरू झाली."

पिशवीत पिवळंधमक पाणी साचत होतं. थेंब थेंब नाही, धार लागली होती. तिचं शरीर जे विसरून गेलं होतं, ते सासूच्या पोटातून आलेला मुठीएवढा मांसाचा गोळा तिच्यासाठी करत होता, कुणी न सांगता, न थांबता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. नर्सनं पेला भरून दिला. सुकन्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि पहिला घोट घेण्याआधी तिला इतकं रडू आलं की पेला खाली ठेवावा लागला.

तिला संसर्ग होऊ नये म्हणून एकटीला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी काचेपलीकडच्या लांब बोळात तिला एक आकृती दिसली. हिरवा सैल झगा, तोंडाला मास्क, एका हातात सलाईनचा खांब. दुसरा हात कुशीवर घट्ट दाबलेला. आकृती एक पाऊल टाकायची, थांबायची, भिंतीला टेकायची, पुन्हा एक पाऊल. लुगडं नाही, डोईवर पदर नाही, म्हणून सुकन्यानं क्षणभर ओळखलं नाही. कुणीतरी कुशीतली जखम धरून आपल्याकडं चालत येतंय, एवढंच तिला दिसत होतं.

आणि मग तिनं ओळखलं.

तिनं दोघांनाही ओळखलं, सासूलाही आणि क्रूसावर ज्याच्या कुशीत भाला खुपसला होता त्यालाही. उठता येत असतं तर ती गुडघ्यांवर बसली असती.

नर्सनं दोन मिनिटांसाठी बानूबाईला आत सोडलं. ती पलंगाशी आली, धापा टाकत. "लागली का नीट?" तिनं विचारलं. "चालतीया न्हवं?"

सुकन्याची नजर सासूच्या कुशीवर होती. बानूबाईनं ती ओळखली. तिनं सुनेचा हात उचलला आणि झग्यावरून, पट्टीच्या कडेला अलगद टेकवला. "हितनं काढली बघ."

हाताखाली पट्टीचा जाड थर होता आणि त्याखाली ऊब. येशू मरणातून उठून शिष्यांमध्ये आला तेव्हा थोमा नावाच्या शिष्याला खरं वाटेना. येशू त्याला रागावला नाही. माझ्या कुशीत हात घालून बघ, म्हणाला. ती गोष्ट सुकन्या लहानपणी चित्रं रंगवत शिकली होती. ती तिच्या हातालाच कधी घडेल, पुण्याच्या दवाखान्यात, एका धनगराच्या बायकोच्या अंगावर, असं तिला कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. 'हे माझे शरीर आहे, हे तुमच्यासाठी दिले जात आहे.' दर महिन्याला उपासनेत ती येशूचे हे शब्द ऐकून भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायची. आता ते शरीर तिच्या आत होतं आणि काम करत होतं.

"काय बघतीस अशी?"

"आत्या," ती कसंबसं म्हणाली, "तुमच्यात मला माझा देव दिसला."

मास्कच्या वर बानूबाईचे डोळे बारीक झाले. ती थोडी घाबरल्यासारखी वाटली. "असं बोलू नये गं. मी बिरोबाची हाय. तुझ्या देवाला राग यील."

"नाही येणार. त्यानंच दाखवलं."

"मग त्याला म्हनावं, ह्या म्हातारीचं लई दुखतंय. जरा इकडं बी बघ." आणि स्वतःच हसायला लागली, हसता हसता कळवळली. "आई गं! हसवू नको. टाकं तुटत्याल."

नर्स तिला हाताला धरून घेऊन गेली. दुपारी सिद्धू काचेबाहेरून फोनवर बोलला, "डोळं का लाल झाल्यात? दुखतंय का?"

"आत्या येऊन गेल्या," सुकन्या म्हणाली. त्याहून जास्त तिला सांगता आलं नाही.

बानूबाईची जखम भरायला वेळ लागला. मधे ताप आला, घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण उतरला. दिवाळीच्या सुमारास दोघी निरवांगीला परतल्या. सुकन्याला आयुष्यभर गोळ्या होत्या आणि बानूबाईला जड उचलायची मनाई, जी ती पाळत नव्हती.

शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या. ओसरीवर कोंडाळं करून बसल्या. त्यातली एक म्हणाली, "सुकन्ये, तू म्हनतीस तुझ्या येशूनं बरं केलं. आन किडनी तर सासूनं दिली. मग खरं काय?"

"दोन्ही खरं," सुकन्या म्हणाली.

बाईला ते कळलं नाही. "आसं कसं दोन्ही?"

सुकन्यानं अंगणात बघितलं. बानूबाई शेळीच्या पाठीवर हात ठेवून, एक कूस जराशी सावरत, उन्हात उभी होती आणि प्रतिक्षाशी कशावरून तरी वाद घालत होती. समजावून सांगायला तिच्याजवळ शब्द नव्हते, आणि तिला ते हवेही वाटले नाहीत.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "अगं ये, गप्पा बास झाल्या! गोळ्यांची येळ झाली तुझ्या."

"आले, आत्या," सुकन्या म्हणाली आणि उठली.